आधीच दाबलेलं बटण

शलाका मोहरीरचा पतंग पुन्हा कटला. तिने ढील दिली होती आणि वेळेवर दिली होती. पण तिच्या बोटाचा दाब नागपूरच्या प्रतापनगरातून निघून मुंबईजवळच्या कुठल्याशा सर्व्हरपर्यंत पोचायचा, तिथे त्याचं चित्र तयार व्हायचं आणि ते परत यायचं, तेवढ्यात दादाच्या निळ्या पतंगाने तिचा मांजा घासून टाकला होता. टीव्हीच्या पडद्यावर तिचा पिवळा पतंग गिरक्या घेत घरांच्या मागे गेला.

"ओ काट," फोनच्या स्पीकरवरून दादा म्हणाला. "अजून एक?"

"दादा, मी दाबलं होतं."

"कटल्यावर सगळे असंच म्हणतात."

दादा म्हणजे डॉ. प्रफुल्ल मोहरीर, अमरावतीचे नेत्रशल्यविशारद. शलाकापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. आईवडील गेल्यावर दोघांमध्ये नियमाने उरलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे रविवार सकाळचा 'काटाकाट' हा पतंगांचा गेम. फोन चालू ठेवायचा, गप्पा मारायच्या आणि एकमेकांचे पतंग कापायचे. दादाने एकदा हसत सांगितलं होतं की डोळ्याचं ऑपरेशन आणि हा गेम यांत फारसा फरक नाही, सगळी करामत बोटाच्या टोकाची. "तुला हरवतोय तोवर माझा हात शाबूत आहे असं समजायचं." सांगितलं हसत, पण त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोन डाव खेळल्याशिवाय तो थिएटरमध्ये उतरत नसे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत गेम खेळायचं यंत्र घरात, टीव्हीच्या खाली असायचं. मग चांगल्या चिप मोठमोठ्या डेटा सेंटरांनी उचलायला सुरुवात केली, घरगुती यंत्रं परवडेनाशी झाली आणि शेवटी बनायचीच बंद झाली. आता घरात टीव्ही आणि कंट्रोलर एवढंच उरलं होतं. गेम दूरच्या संगणकावर चालायचा आणि घरी यायचा तो त्याचा नुसता व्हिडिओ. अशा सेवा देणाऱ्या तीन कंपन्या होत्या आणि 'तिघींतली कोणती घ्यावी' हे एका मराठी संकेतस्थळाच्या वाचकांना सांगायचं काम शलाकाकडे होतं.

ते काम करताना ती मेटाकुटीला आली होती. 'धारा' संध्याकाळी अर्धा तास रांगेत ताटकळत ठेवायची आणि नंबर लागला की चित्र भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं फाटायचं. तक्रार केली की मदतनीस यंत्र गोड आवाजात राउटर बंद करून चालू करायला सांगायचं. तिसऱ्यांदा हे ऐकल्यावर शलाकाने त्या यंत्राला जे सुनावलं ते लेखात छापण्यासारखं नव्हतं. 'तरंग'चं चित्र स्वच्छ होतं, पण बटण दाबणं आणि पतंग हलणं यांच्यामध्ये आवंढा गिळण्याइतकी फट पडायची. घरी तिने वर्षभरासाठी तीच घेऊन ठेवली होती, आणि म्हणून दर रविवारी हरत होती.

'निमिष'मध्ये मात्र फट नव्हतीच. उन्हाळ्यात दादा कुरकुरायला लागला होता की पतंग हल्ली ऐकत नाही, मागे मागे राहतो. तेव्हा शलाकानेच त्याला निमिष घ्यायला लावली होती. तेव्हापासून त्याची कुरकुर थांबली आणि तिचं जिंकणंही.

परीक्षणासाठी तिने स्वतः निमिषवर खेळायला सुरुवात केली तेव्हा पहिले काही आठवडे तीही खूश होती. मग एका दुपारी डाव ऐन रंगात असताना गॅसवाला आला. तिने कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि दार उघडायला गेली. परत येऊन बघते तर तिचा पतंग खाली पडलेला नव्हता. उलट समोरच्याचा कटला होता. तिने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. पिवळ्या पतंगाने आधी दोन बारीक झटके घेतले, मग एकदम लांब ढील दिली. ही तिचीच लकब होती. दादा त्यावरून तिला चिडवायचा. पण त्या क्षणी ती तर दारात उभी राहून सिलिंडरचं सील बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिने गरम भांडी धरायचा जाड हातमोजा चढवला आणि तसाच गेम खेळला. मग नुसत्या डाव्या हाताने. जिंकण्या-हरण्यात फारसा फरक पडला नाही.

तिने कंपनीला फोन लावला. दोन यंत्रांशी हुज्जत घातल्यावर तिसऱ्या दिवशी एक माणूस मिळाला. तनय चौबळ नावाचा इंजिनियर, बोलायला मोकळा.

"मॅडम, प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही," तो म्हणाला. "तुमचा सिग्नल काचेच्या तारेतून जाणार, वाटेत दहा ठिकाणी थांबणार, चित्र बनणार, परत येणार. त्याला वेळ लागणारच. कोणीही आलं तरी तो शून्य करू शकत नाही. म्हणून आम्ही वाटच बघत नाही. तुम्ही आता काय दाबणार हे आमची प्रणाली आधी ओळखते आणि त्याचं चित्र आधीच पाठवून देते. तुमचा खरा दाब मागून येतो. जुळला तर उत्तम."

"आणि नाही जुळला तर?"

"तर मागे जाऊन दुरुस्त करावं लागतं. मग चित्राला हिसका बसतो आणि लोक वैतागतात. म्हणून आम्ही तिला शिकवलंय की आलेला दाब स्पष्ट नसेल, म्हणजे उशिरा आला, अर्धवट आला, थरथरत आला, तर तिने आपल्या अंदाजावर चालायचं."

"म्हणजे माझ्या बोटापेक्षा तुमच्या अंदाजावर."

"अंदाज तुमचाच आहे, मॅडम. तुमच्याच खेळावरून शिकलाय. तुमच्या हातून जे चांगलं झालं ते तो जपून ठेवतो."

"वाईट झालेलं?"

"ते गाळतो. कधी कोणी दमलेलं असतं, कधी मूल कंट्रोलर ओढतं. तो काही तुमचा खरा खेळ नव्हे."

शलाकाने विचारलं, हे बंद करता येतं का. तनय थोडा अडखळला. ग्राहकांना तशी सोय नव्हती, कारण आजवर कुणी मागितलीच नव्हती. पण ती परीक्षण करत होती म्हणून तिच्या खात्यात त्याने ती करून दिली.

त्या रविवारी ती अंदाज बंद ठेवून निमिषवर उतरली. दादाला यातलं काही बोलली नव्हती, लेख पुरा झाल्यावर मजेत सांगू असा विचार होता. दोघांचे पतंग भिडले. दादा वर्षा वहिनीने केलेल्या मटारच्या उसळीबद्दल काहीतरी सांगत होता. मध्येच म्हणाला, "थांब, थांब," आणि फोनवर काहीतरी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. कंट्रोलर पडला होता. घरंगळत गेल्याचाही आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा.

पडद्यावरचा निळा पतंग थांबला नाही. तो डावीकडे झुकला, तिच्या मांज्याखालून गेला आणि सफाईने वर खेचला गेला. शलाकाचा पतंग कटला.

"अरे वा," दादा म्हणाला. त्याला थोडी धाप लागली होती. "पडता पडता दाबलं गेलं वाटतं."

"कंट्रोलर हल्ली पडतो का तुझ्या हातून?"

"घामाने घसरतो."

"डिसेंबरात कसला घाम, दादा?"

"आता तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

तिने त्याला सगळं सांगितलं. गॅसवाला, हातमोजा, तनय चौबळ काय म्हणाला ते. दादा आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. "तुझी सेवा हळू आहे, तू हरते, म्हणून माझं जिंकणं खोटं?"

"मी असं म्हटलं का? ते यंत्र तुझा आधीचा, निवडून ठेवलेला चांगला हात चालवतंय. आत्ताचा हात कसा आहे हे त्याला माहीत नाही आणि तुलाही नाही."

"माझा हात मला माहीत नाही, तो तुला नागपुरात बसून माहीत आहे. ठेव फोन."

त्यानेच फोन ठेवला.

राग तिला नेमका कुणाचा येतोय तेही कळेना. दादाचा, कंपनीचा, की ही सेवा त्याच्या गळ्यात मारणाऱ्या स्वतःचा. संध्याकाळी तिने वहिनीला फोन केला. दादाच्या हॉस्पिटलची औषधं, माणसं, वेळापत्रकं सगळं वहिनीच सांभाळायची.

"शर्टाची बटणं मी लावून देते हल्ली," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "म्हणतात, मला घाई आहे. सहीसुद्धा बारीक झालीय त्यांची. मी विचारलं एकदा. तर म्हणाले, शलाकाला विचार, तिला विचार मी कसा खेळतो ते."

"ऑपरेशनं?"

"चालू आहेत नं. गुरुवारी आहेत, नेहमीसारखी."

बुधवारी सकाळच्या बसने शलाका अमरावतीला गेली. तिला बघून दादाने कपाळाला आठ्या घातल्या, पण बहीण दारात उभी आहे म्हटल्यावर चहा सांगितला. हॉस्पिटल खाली आणि घर वर, अशी त्यांची वास्तू होती. तिने टीव्हीवर निमिष लावली, स्वतःच्या खात्यातून, अंदाज बंद करून, आणि दोघांसाठी दोन कंट्रोलर जोडले. "एक डाव खेळ. मग मी जाते."

दादा खेळला. निळा पतंग सुरुवातीपासूनच रखडत होता. ढील उशिरा सुटायची, खेच अर्धी व्हायची. तीन वेळा तो कुणी न कापताच झाडात गेला.

"लॅग आहे," दादा म्हणाला.

"आहे. मलाही तेवढाच आहे. माझा पतंग बघ."

"तुला सवय आहे लॅगची. तू त्या भिकार तरंगवर खेळते."

तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. अंदाज काढून टाकला की तारेतला उशीर खरोखरच उरत होता. त्यातला किती तारेचा आणि किती बोटाचा हे पडद्याकडे बघून कुणीही सांगू शकलं नसतं. घरात जुनं यंत्र असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. ते कुठे मिळणार होतं आता? ती नागपूरहून अमरावतीला आली होती, आणि भावाला एक साधी गोष्ट दाखवून द्यायला सबंध शहरात तिच्याकडे साधन नव्हतं.

"आणि समजा, ते करतंय दुरुस्त," दादा पुढे म्हणाला. "तर बिघडलं काय? मला तर वाटतं असंच थिएटरमध्येही यावं. हात थोडा चुकला, यंत्राने सावरला."

"ते तुझ्या मागच्या पेशंटचा डोळा आठवून सावरेल, दादा. समोरच्या माणसाचा डोळा वेगळा निघाला तर?"

दादाने कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. ठेवलेला नव्हे, जवळजवळ सोडलेला.

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "खाली मायक्रोस्कोप आहे. त्याला कुठे इंटरनेट लागतं?"

दादाच उठला. "चला," तो म्हणाला, "तुमचं समाधान होऊ द्या एकदाचं."

थिएटरच्या बाजूच्या खोलीत शिकाऊ डॉक्टरांच्या सरावासाठी एक जुना मायक्रोस्कोप होता. त्याखाली प्लॅस्टिकचा डोळा बसवायचा आणि वर चाललेलं काम भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. वहिनीने डोळा बसवला. दादाने हात धुतले, हातमोजे घातले, स्टुलावर नीट बसला. वर्षानुवर्षांची सवय त्या बसण्यात दिसत होती, आणि क्षणभर शलाकाला वाटलं, आपणच चुकलो. आपण चुकलेलं असावं असं तिला मनापासून वाटलं.

पडद्यावर बारीक चिमटा दिसला. मोठा होऊन दिसणारा, एखाद्या सांडशीएवढा. डोळ्यातल्या भिंगावरचं पातळ आवरण चिमट्यात धरून गोल फाडत न्यायचं होतं. दादाने हे हजारो डोळ्यांवर केलं होतं. चिमटा कडेशी आला आणि थांबला.

"घ्या," वहिनी नकळत म्हणाली.

"घेतोय," दादा म्हणाला.

चिमटा हलला नव्हता. मग एकाएकी हलला, हवा होता त्यापेक्षा पुढे गेला, आणि आवरण तिरपं फाटलं. दादाने दुसरा डोळा बसवायला सांगितला. पुन्हा तेच. बोटाला हुकूम जायचा, बोट वाट बघायचं आणि मग घाईघाईने निघायचं. टेबलावर टेकवलेल्या डाव्या हाताचा अंगठा दरम्यान आपला आपणच हलत होता, तंबाखू चोळल्यासारखा. तिसऱ्या डोळ्याच्या वेळी त्याने चिमटा आवरणाला लावलाच नाही. बराच वेळ भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिला.

"उन्हाळ्यात पतंग ऐकत नव्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, इंटरनेट."

शलाकाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो अंगाला हात लावून घेणारा माणूस नव्हता.

"उद्याची ऑपरेशनं जयस्वालांकडे दे," त्याने वहिनीला सांगितलं. जयस्वाल त्याच्याकडेच शिकून गेलेले सर्जन होते. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि दर्यापूरच्या ठोसरबाईंचा नंबर काढ."

वहिनीचा चेहरा उतरला. शलाकाने विचारल्यावर तिने सांगितलं. ठोसरबाई निवृत्त शिक्षिका होत्या. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात भिंगामागचा पातळ पडदा फाटला. दुसरं ऑपरेशन करून भिंग बसवावं लागलं, तरी त्या डोळ्याने त्यांना अजून धड वाचता येत नव्हतं. मोतीबिंदू फार कठीण होता, असं दादाने त्यांना तेव्हा समजावून सांगितलं होतं. उलट त्यांनीच आभाराची मिठाई पाठवली होती.

"काय सांगणार त्यांना?" वहिनीने विचारलं.

"मोतीबिंदू कठीण नव्हता, हे."

"वकिलांना विचारून मग..."

"मग मी सांगणार नाही. मला माहीत आहे मी कसा आहे. आत्ता लाव."

वहिनीने फोन लावून दिला. दादा खिडकीकडे तोंड करून बोलला. पलीकडचं शलाकाला ऐकू येत नव्हतं, दादाचं मात्र येत होतं. त्याने नाव घेऊन विचारपूस केली, मग सरळ मुद्द्याचं सांगितलं. चूक माझ्या हाताची होती, मला ती तेव्हा कळली नाही, कळायला हवी होती. नागपूरला अमुक डॉक्टर आहेत, ते तुमचा डोळा तपासतील, मी स्वतः घेऊन जातो. मग तो बराच वेळ नुसतं "हो" म्हणत राहिला. "हो. हो, बाई. हो, तुम्ही तक्रार करू शकता. हो." फोन बंद झाल्यावर त्याने हातमोजे काढायला सुरुवात केली. डाव्या हाताचा निघेना. वहिनी पुढे झाली तर त्याने तिला खुणेने थांबवलं आणि वेळ घेऊन स्वतःच काढला.

निदान कंपवाताचं झालं. सुरुवातीची पायरी होती, गोळ्यांनी बराच फरक पडेल असं मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण यापुढे त्याने ऑपरेशनं करायची नव्हती. ठोसरबाईंनी रीतसर तक्रार केली आणि दादाने तिला रीतसर उत्तर दिलं. तो आता फक्त पेशंट तपासत होता.

शलाकाने लेख लिहिला. तिन्ही सेवांची तुलना केली आणि निमिषबद्दल जे कळलं ते सगळं लिहिलं, फक्त दादाचं नाव टाळलं. ग्राहकाला अंदाज बंद करता आला पाहिजे आणि हात बिघडत असेल तर तसं त्याला कळवलं पाहिजे, अशी मागणी केली. कंपनीने आभार मानले आणि सूचना योग्य विभागाकडे पाठवल्याचं कळवलं. महिन्याभराने तिने विचारलं तर पुन्हा आभार मानले. तनय चौबळचा नंबर लागेनासा झाला. वाचकांच्या प्रतिक्रिया तर त्याहून वरचढ होत्या. एकाने लिहिलं, 'म्हणजे निमिषवर जिंकता येतं हे नक्की ना?' दुसऱ्याने आईसाठी घेऊ का, असं विचारलं, तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती आणि तिला पुन्हा जिंकायची हौस होती. या दुसऱ्याला काय उत्तर द्यावं हे शलाकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एके दिवशी निमिषने तिला आपणहून निरोप पाठवला. 'प्रफुल्ल बरेच दिवस आले नाहीत. त्यांच्या शैलीशी खेळायचं का?' तिने संतापून पडदा बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडला आणि खेळली. निळा पतंग तिच्या मांज्याखालून आला, सफाईने वर गेला आणि तिला कापून गेला. फोन मात्र गप्प होता. चिडवायला कुणी नव्हतं. एवढा सुंदर पतंग उडवणारं पलीकडे कुणी नाही हे तिला सहन होईना. तिने त्याच दिवशी आपलं खातं बंद करायला घेतलं. त्यालाही कारण विचारणारी चार पानं भरावी लागली.

जानेवारीच्या अखेरीला दादाने स्वतःहून फोन केला. त्याने तरंग घेतली होती. "बघू या," तो म्हणाला.

पहिला डाव सुरू झाला. निळा पतंग लटपटत वर आला. दादा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, बहुधा शिव्या. पतंग दोनदा खाली गेला, दोनदा त्याने सावरला. शलाकाचा पिवळा पतंग आरामात त्याच्या वर होता. एका खेचेत काम झालं असतं. तिने खेच दिली नाही. उगाच इकडेतिकडे फिरली, मांजा सैल सोडला आणि निळा पतंग कसाबसा येऊन घासला तेव्हा त्याला घासू दिलं. तिचा पतंग कटला.

दादाने हाक मारली.

"शलाका."

"हं."

"ते यंत्र हेच करत होतं. आता तू पण सुरू नको करू."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचा रागही आला. "तुझा कसा उडतोय तेच बघत होते," ती म्हणाली. खोटं होतं, आणि त्यालाही ते कळलं असणार.

"वाईट उडतोय. ते मलाही दिसतंय. लाव परत."

दुसरा डाव सुरू झाला. तिने निळ्या पतंगाला पुरतं वर येऊ दिलं. त्याला लागला तेवढा वेळ थांबली, कारण तेवढं थांबणं खेळाच्या नियमातच होतं. मग पतंग भिडले. दादाने ढील दिली, ती उशिरा सुटली. शलाकाने खेच दिली, पूर्ण जोराने, लहानपणी त्यानेच गच्चीवर शिकवली होती तशी.

निळा पतंग कटला आणि वाऱ्याबरोबर लांब गेला.

पलीकडून कंट्रोलर उचलल्याचा आवाज आला. तो पुन्हा निसटला, पुन्हा उचलला गेला.

"पुढचा," दादा म्हणाला.